प्रभुभोजनाचा अर्धा तुकडा

आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा एकेक तुकडा खायचा, आणि ती भाकर मी भाजते. मंठ्याजवळचं आमचं गाव लहान, त्यात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. बिनखमिराची, जराशी जाड चपाती शनिवारीच करायची आणि पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवायची. करताना मी कुणाशी बोलत नाही, मनातल्या मनात प्रार्थना चालू असते. एवढं असून तीनेक वर्षं त्यातला तुकडा माझ्या तोंडाला लागला नव्हता. थाळी आली की मी ती शेजारणीकडे सरकवायची. मनात कुणाबद्दल वैर धरून आमच्यात प्रभुभोजन घेत नाहीत, आणि माझ्या मनात तर सख्ख्या भावाबद्दल होतं. बायका काय काय तर्क करत असतील ते प्रभूलाच ठाऊक. त्यांचं सोडा, पण आपणच भाजावं आणि आपणच उपाशी उठावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

आई जालन्याला वारली तेव्हा मी शहागडला नणंदेकडे होते. माझ्या धाकट्या भावाचा, शमुवेलचा, फोन आला आणि मी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाले. रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता, गाडी जागची हलेना. मी त्याला फोनवर सांगितलं, "शमू, मला आईचं तोंड बघू दे. माती द्यायला माझ्यासाठी थांब." तो म्हणाला, "थांबतो आक्का. तू घाबरू नको, बराबर ये." आणि मी पोहोचले तेव्हा कबरीवर माती ओढून झाली होती, माणसं हातपाय धूत होती. लोकांनी घाई केली, तू कधी येशील ते कळेना, इतकंच तो बोलला. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं, त्यानं मला आईच्या पायाला शेवटचा हात लावू दिला नाही. त्याच्या घरचं पाणीही न घेता मी परतले. माझं माहेर संपलं, असं भेटेल त्याला सांगत सुटले.

सांगितलं खरं, पण संपतं का ते? जालन्याची पाटी लावलेली एसटी दिसली की जीव कासावीस व्हायचा. नाताळात करंज्यांचं सारण करताना खोबरं जरा जास्तच पडायचं, कारण शमूला तसं आवडतं. रोज प्रार्थनेत म्हणायचे, प्रभू, त्याला माझ्या दारात आण, त्याला क्षमा मागायला लाव, मंग मी क्षमा करते. देवाला मीच अटी घालत होते. आमचे हे म्हणायचे, "वाट बघून बघून तुझे डोळे जातील, पण ताठा जायचा न्हाई." मी रागावून उठून जायची, कारण त्यांचं खरं होतं.

प्रभुभोजनाच्या एका रविवारी उपासना चालू असताना जालन्याला निघालेली एसटी आमच्या देवळासमोर, म्हणजे चर्चसमोर, बंद पडली. उतारू झाडाखाली पांगले आणि एक म्हातारी सावली बघून सरळ आत आली. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. राजूरकडची होती, लेकीकडून परत निघाली होती, हे मागाहून कळलं. बायकांत थोडी चुळबुळ झाली, पण पाळकसाहेबांनी वाचता वाचताच तिला हातानं 'बसा' म्हटलं. ती माझ्या शेजारी सतरंजीवर ऐसपैस बसली.

थाळी आली, मी नेहमीसारखी सरकवली, आणि ती म्हातारीसमोर गेली. ते काय आहे हे तिला कोण सांगणार? प्रसाद समजून तिनं एक तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि थाळी पुढे दिली. मग तिला माझा रिकामा हात दिसला. "तुम्हाला न्हाई घावला?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं. "असं कसं? देवाच्या घरून कुनी रिकाम्या हातानं जातं का," म्हणत तिनं आपला तुकडा मोडला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली. पाळकसाहेब बघत होते. त्यांनी प्रार्थना तशीच पुढे चालू ठेवली.

सगळ्यांनी मिळून खाल्लं. तिनंही खाल्लं. मला खाता येईना आणि ठेवताही येईना. ओळख ना देख, अशा बाईनं काही न विचारता मला आपल्यातलं अर्धं दिलं होतं, आणि मी पाठच्या भावानं दारात येऊन उभं राहायची वाट बघत होते. मला रडू आवरेना. तो तुकडा प्रभूनंच तिच्या हातून दिला असं मला वाटलं. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे बापडे.

तुकडा रुमालात बांधला आणि गाडी दुरुस्त झाल्यावर तिच्यासोबतच चढले. "माहेरी चाललाव?" तिनं विचारलं. "हो," मी म्हणाले. जालन्याच्या स्टँडवर ती राजूरच्या गाडीकडे गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

शमूनं दार उघडलं. किती वाळला होता तो. गाडीत जुळवलेलं सगळं बोलणं मी विसरले. "शमू, मी तुला माफ केलं. मला आत घे," एवढंच निघालं. तो दाराला धरून रडायला लागला. "मी थांबतो म्हणल्तो, आक्का. मी थांबलो न्हाई." मी म्हटलं, "हो, नाही थांबलास." त्याचा हात धरला आणि तिथंच उंबऱ्यात उभी राहून तो वाळलेला तुकडा खाल्ला. रीतीत बसतं की नाही, मला ठाऊक नाही. पाळकसाहेबांना नंतर विचारलं तर ते नुसते हसले.

आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. क्षमा केली म्हणून ती भूक भागत नाही, पण आता आम्ही दोघं मिळून ती सोसतो. त्याला माझ्या दारी आण, असं मी मागत होते, आणि प्रभूनं मलाच उठवून त्याच्या दारी नेलं. आपल्या अटी खाली ठेवल्या की तो कुठं नेईल ते सांगता येत नाही, पण नेतो बरोबर. त्याचे उपकार मी कसे फेडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शमू मला कबरस्तानात घेऊन गेला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "तू जा, आक्का. किती बोलायचं ते बोल आईशी. मी हितं थांबतो." मी कबरीवर मूठभर माती टाकली आणि तिच्याजवळ बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा वळून पाहिलं. शमू फाटकाशी उभा होता.