एकाचा शून्य, शून्याचा एक

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी त्या दुष्काळाचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. पण आठवलं की अजून आधी हसूच येतं, त्याला काय करू?

ऊस वाळला आणि आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला. मग मळीचा टँकर धुऊन त्यातून गावांना पाणी जाऊ लागलं. पोरं खुशीत ओरडायची, “पाणी गोड लागतंय!” कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर नवा होता, तो चालवणारा मीही नवा. पडद्यावर प्रत्येक गावासमोर एकच आकडा: टँकर हवा तर एक, नको तर शून्य. सकाळी ते बघून मी पंपावर फोन करायचो आणि टँकरवाले मामा निघायचे.

एका संध्याकाळी मला एक कमांड सापडली. एका फटक्यात सगळे आकडे उलटे! पुन्हा तीच दिली की जागच्या जागी. मी वेडाच झालो. वजनकाट्यावरची रिकामी मंडळी ओढत आणली.

“बघा हं!”

“आरं तिच्या! आमच्या गावचा दुष्काळ हटला की बे!”

“पुन्यांदा दाव!”

दाबलं, दुष्काळ परत. दाबलं, गेला. हसून हसून पोटं दुखली. तेवढ्यात चहा आला, आणि आकडे उलटेच राहिले.

सकाळी तेच वाचून मी फोन केला. दुपारी भरल्या विहिरीच्या गावातून विचारणा आली, “टँकर कावून धाडला? हौद वाहायलाय, म्हशी पवायल्यात!” मी खो खो हसलो. मग ध्यानात आलं, पाणी उलट्याच गावांना गेलं. तहानलेल्या गावात बायका उन्हात घागरी मांडून बसल्या असणार. मी गुपचूप आकडे सरळ केले.

संध्याकाळी कारखान्याचे अध्यक्ष कडाडले, मामांनी पाणी विकलं म्हणून.

मामा माझ्याकडं बोट दाखवत म्हणाले, “फोनवर भरल्या इहिरीचंच गाव सांगितलंतं. ह्यांनाच इचारा की.”

अध्यक्षांनी पडदा पाहिला. आकडे बरोबर होते. मी खाली बघून कीबोर्ड पुसत राहिलो. मामांची नोकरी गेली.

पुढे पाटोद्याच्या बाजारात ते शेरडं विकताना दिसले. “या साहेब! तुमचं जादूचं खोकं बरं हाय का?” लई मोकळं हसले. मी तोंड उघडलं, तोच एक बोकड दावं तोडून भज्यांच्या गाड्यावर चढला. मामा त्याच्यामागं, लोक मामांमागं, सगळा बाजार हसत सुटला. मीही हसलो. मामा पुन्हा दिसले नाहीत, आणि ओठांवर आलेलं तसंच राहिलं: “मामा, गाव मीच चुकीचं सांगितलं. तुम्ही खरं बोललात. मला माफ करा.”