गुरुवारच्या बाई

आदरणीय शिवकांताबाईंची आणि माझी पहिली भेट परभणीच्या जिल्हा कारागृहात झाली. त्या बाहेरून आलेल्या, मी आतला. मी बोरीचा. एका हाणामारीत नाव गोवलं गेलं होतं. पुढं कोर्टानं सोडलं, पण जामीन होईस्तोवर आत होतो. अंगणात भिंतीच्या कडेकडेनं माझ्या दिवसभर फेऱ्या चालायच्या. हवालदार ओरडायचे, बाकीचे हसायचे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, दर गुरुवारी परवानगी घेऊन नाटक शिकवायला यायच्या. त्यांनी मला थांबवलं नाही. माझ्याबरोबर चालायला लागल्या आणि म्हणाल्या, "अहो, नाव काय तुमचं?" मी मागं वळून बघितलं. आत मला कुणी 'अहो' म्हणत नव्हतं.

बाईंच्या गौरवाच्या या अंकात मोठी मोठी माणसं लिहिणार आहेत, त्यांत मी कसा, ते सांगून टाकतो. बाईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी मला घरी बोलावलं आणि विचारलं, गुरुवारचा वर्ग तुम्ही घेता का. जेलच्या साहेबांनीही तोंडी होकार दिलाय. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पान खाऊन येतो म्हणून उठलो आणि येलदरीच्या गाडीत बसलो. धरणावर ओळखीचे मासेवाले आहेत, त्यांच्यासोबत जाळी ओढत राहिलो. तिथली मरळ मासळी एकदा खाऊन बघा, पण ते असो. बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. "उत्तर राहू द्या, लेख तरी द्या," म्हणाल्या. म्हणून हा लेख. उत्तर अजून द्यायचंय.

बाईंची काम करायची रीत न्यारी. जिल्ह्याच्या जेलात बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय असे. आज तालमीत राजा झालेला माणूस उद्या जामिनावर घरी. म्हणून बाई प्रत्येकाला सगळ्यांची कामं शिकवायच्या. आणि पहिल्याच दिवशी सांगायच्या, "जामीन आला की जायचं. नाटकासाठी कुणी घटकाभर आत थांबायचं न्हाई."

आम्ही बसवलेलं नाटक आमचंच, सोनपेठच्या बाजारावरचं. एक गडी बैल विकायला येतो आणि त्याच्याच्यानं तो विकवत नाही, एवढीच गोष्ट. बैल म्हणजे घोंगड्याखाली वाकलेली दोन माणसं. पुढचे पाय इस्माईलमामू, पाथरीचे वयस्क ट्रक ड्रायव्हर. मागचे पाय मी. बाई म्हणाल्या, ह्यांचे पाय ठरत न्हाईत, बैलाला तेच पाहिजे. पण मी पुढच्या पायांच्याही पुढं पळायचो. मामू घोंगड्यातून करवादायचे, "अबे, गाडी मैं चला रहा हूँ ना? तू ट्रॉली है, ट्रॉली." सगळी बराक मला ट्रॉली म्हणू लागली. आत अंधार. फक्त मामूंची पाठ दिसायची. ती थांबली की थांबायचं, हे कळायला मला लय गुरुवार लागले.

प्रयोगाला पहिल्यांदाच घरच्यांना बोलावलं होतं. मामूंची मुलगी येणार होती. बाप आत गेल्यापासून ती एकदाही मुलाकातीला आली नव्हती. मामू सकाळपासून दाढी चाचपायलेत. आणि दुपारी हवालदारानं हाक मारली, माझा जामीन झाला. मी बाईंना म्हणालो, नाटक करून जातो. बाईंनी हातातलं घोंगडं खाली ठेवलं.

"कपडे घ्या आणि निघा."

"मामूची पोरगी आलीय, बाई."

"तिच्या बापाची काळजी मला हाय. तुमची आई कुणाच्या तोंडाकडं बघायलीय?"

मामूही म्हणाले, "जा बे ट्रॉली, भाग."

कागदांवर सह्या होईपर्यंत मला ऑफिसात बसवलं. बसवलं म्हणजे मी खिडकीशी उभा होतो. समोर अंगणात बैल आला. मागच्या पायांत पुरुषाची पॅन्ट नव्हती, हिरव्या काठाची साडी होती. सत्तरीच्या बाई घोंगड्याखाली वाकून चालायल्या होत्या. लोक हसले. पुढच्या रांगेत एक बुरख्यातली मुलगी ताठ बसली होती. घोंगडं उतरलं आणि बापाचं घामेजलेलं तोंड दिसलं, तेव्हा ती उठून उभी राहिली. पुढं यायला पाहिजे की नको, तिला कळेना. बाईंनी तिला हात केला. मग माझं नाव पुकारलं गेलं, पुढचं मला दिसलं नाही. पण त्या दिवसानंतर ती दर मुलाकातीला आली, हे मामूंनीच स्वतः सुटून आल्यावर मला सांगितलं.

बाहेरही बाईंनी मला सोडलं नाही. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं जेलचं कळल्यावर कामावरून काढलं, तर बाई जाऊन त्याच्याकडं चहा पिऊन आल्या. हा माझा विद्यार्थी, एवढंच म्हणाल्या. त्यानं परत ठेवलं. पुढं मीच न सांगता निघून गेलो. मालक तक्रार घेऊन त्यांच्या घरी आला. बाई म्हणाल्या, "स्वतःच्या पायानं गेला ना? मग बरंच झालं की."

नाटकानं माणूस सुधारतो, असं मी लिहिणार नाही. आमच्यातले दोघे परत आत गेले. पोटाला काय मिळतं नाटकातून, असं लोक बाईंना तोंडावर विचारतात. पण जिथं दिवसभर नंबरानं हाक मारतात, तिथं आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या पाठीवर भरवसा ठेवून चालावं लागतं. ते मी बाहेर कुठंच शिकलो नसतो. आता ते चालवायचं कुणी, हा प्रश्न आहे, आणि बाई माझ्याकडं बघायल्यात.

बाई, सगळ्यांच्या समोर सांगतो. कायमचं हो मला म्हणवत नाही. ते खोटं होईल, आणि खोटं तुम्हाला लगेच कळतं. येत्या गुरुवारी मी गेटवर असेन. त्याच्या पुढच्या गुरुवारचं मला त्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. असं एकेक करत मी टिकायला शिकेन म्हणतो, पण माझी गत बघता त्याला लय गुरुवार लागतील. तेवढे सगळे तुम्हाला मिळोत, आणि ठणठणीत मिळोत.