बाटलीच्या आतली चिठ्ठी

डॉ. शरयूताई साठ्ये यांची माझी पहिली भेट कोबेतील प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत झाली. शिष्यवृत्तीवर नुकतीच आलेली मी दाराशी घुटमळत होते. सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता त्यांनी विचारले, "चहा घेतेस ना? मग आत ये आणि दार लाव, गार वारा येतोय." जपानमध्ये पाऊल ठेवल्यापासून कानी पडलेले ते पहिले मराठी वाक्य होते.

पतीच्या नोकरीनिमित्त ताई इथे आल्या, जपानी शिकल्या आणि याच प्रयोगशाळेत रुजू झाल्या. येथील मराठी मंडळी त्यांना सणावारी पंचवीस पाने एकटीने वाढणाऱ्या म्हणून ओळखतात. त्यांचा खरा जीव मात्र उत्तर अमेरिकेतील 'सकर' नावाच्या माशात गुंतलेला आहे. हा रोहूच्या दूरच्या नात्यातला, जाड ओठांचा, खाली वळलेल्या तोंडाने नदीच्या तळाचे किडे आणि गाळ चोखणारा मासा. बर्फ वितळले की तो उथळ ओढ्यांत चढतो आणि मादी घरटे न करता खडीत चिकट अंडी सोडते. "दिसायला बेताचा, म्हणून कुणी विचारत नाही," ताई म्हणत. "घरात भांडी घासणाऱ्याला तरी कोण विचारतं?"

त्यांची शिस्त कडक. मासे मद्यार्कात जपून ठेवलेल्या प्रत्येक बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत हवी, कारण शाई त्यात विरघळते आणि बाहेरची चिठ्ठी गळून पडते. कॅनडातील एका नदीच्या सात ठिकाणांहून आलेली पिले मोजण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. पिले नदीच्या कोणत्या भागात वाढतात, हे त्या मोजणीच्या तक्त्यातून कळायचे होते. माझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढही त्याच तक्त्यावर अवलंबून होती.

शाळेपासून पहिला क्रमांक न सोडल्यामुळे पाठ केलेल्यावर माझा फार विश्वास. सकरचे तोंड खाली असते, असे पुस्तकात होते. म्हणून तोंड समोर असलेली सारी पिले मी एका मोठ्या बरणीत टाकली आणि आत चिठ्ठी घातली: 'इतर'. चार ठिकाणे उरकल्यावर ताईंचे जुने टिपण वाचनात आले. कोवळ्या सकरचे तोंड समोरच असते, तो पृष्ठभागाजवळचे तरंगते अन्न खातो. वाढता वाढता तोंड खाली सरकते आणि मासा तळाशी जातो. 'इतर' म्हणून मी बाजूला काढली होती ती सकरचीच पिले होती, आणि कोणते पिलू कुठले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी बरणी ताईंसमोर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

"हायाशी सेन्सेईंना सांगितलंस?"

सेन्सेई म्हणजे आमचे विभागप्रमुख. मी म्हटले, "ताई, तुम्ही सांगाल का?"

"नाही गं. सांगायचं तू. मी शेजारी बसते."

त्या बसल्या. माझे अडखळते जपानी त्यांनी एकदाही दुरुस्त केले नाही. सगळे ऐकून सेन्सेई म्हणाले, "कॅनडाला फॅक्स करावा लागेल." तक्ता चार रिकाम्या रकान्यांसह गेला. खाली ताईंनी स्वहस्ते टीप लिहिली: 'नमुने मिसळले गेले. देखरेख: श. साठ्ये.'

"ताई, चूक माझी होती."

"आणि देखरेख माझी. तेवढंच लिहिलंय. तुझं तू सांगितलंस, संपलं."

मुदतवाढ मिळाली. रिकाम्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्या तक्त्यातील बाकीच्या आकड्यांवर विसंबता येते, असे सेन्सेई म्हणाल्याचे नंतर कळले. पुढच्या वसंतात नव्या बाटल्या आल्या आणि चारही रकाने भरले.

यंदा येथील प्रथेप्रमाणे साठी पूर्ण झाल्याबद्दल सहकाऱ्यांनी ताईंना लाल बंडी घातली. म्हाताऱ्या सकरचे वय खवल्यांवरील वलयांवरून मोजले तर कमी भरते, खरे वय पोहण्याच्या परांमधल्या काड्यांत सापडते, हे त्यांनीच शिकवलेले. त्यांच्या बाबतीत मात्र आम्ही खवल्यांचाच हिशेब धरणार आहोत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दर वसंतात बाटल्या येवोत, आणि मी दाराशी घुटमळले की सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता त्यांनी मला दार लावून आत यायला सांगावे.