वसंतरावांच्या उजव्या हाताला

वसंतराव अहिरे गेल्याचं मला प्रकाशने सांगितलं. मी चार-पाच दिवस निफाडला बहिणीकडे होतो. परत आल्यावर सकाळी वाचनालय उघडलं आणि वर्तमानपत्रं मांडत होतो, तेवढ्यात प्रकाश दारात येऊन उभा राहिला. अंगात अंबडच्या कारखान्याचा निळा शर्ट, हातात जेवणाचा डबा. "सर, दादा गेले," एवढंच म्हणाला. कावीळ झाली होती, ती एकाएकी वाढली, दवाखान्यात हलवलं, पण… तो सांगत होता आणि मी हातातल्या पेपरची घडी मोडून पुन्हा घालत होतो. दुःख नंतर आलं, ते अजून येतंच आहे. त्या क्षणी मनात पहिलं उमटलं ते वेगळंच होतं. शेवटच्या दिवसांत प्रकाश तिथे होता आणि मी नव्हतो. याही वेळी त्यांच्या डाव्या हाताला तोच होता.

हे डाव्या-उजव्याचं प्रकरण समजायला वसंतरावांची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवं. आणीबाणी उठली त्या वर्षी डॉक्टरांनी मला छातीच्या त्रासासाठी रोज चालायला सांगितलं होतं. गंगापूर रोड तेव्हा शांत असायचा, दोन्ही अंगांना पेरूच्या बागा आणि द्राक्षांचे मांडव. एका पहाटे बनियन आणि खाकी हाफपँट घातलेला एक माणूस मागून धावत आला आणि मला वेळ विचारली. मी सांगितली. त्याने पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली, जरा चढ्या आवाजात. तो मान हलवून निघून गेला. मला तो माणूस उद्धट वाटला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस माझ्या दुसऱ्या अंगाला आला, माझ्या चालीने चालू लागला आणि म्हणाला, "काल रागावलात ना? माझा उजवा कान कामातून गेलाय. लहानपणी वाहायचा, आईने इतकं तेल ओतलं की तो रुसूनच बसला. माझ्याशी बोलायचं तर डावीकडून बोला." नोकरी कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाले, "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ट्रंक कॉल जोडून देतो." माझा चेहरा पाहून हसले. "तिथे एकच कान लागतो हो!"

मला धावायला त्यांनी लावलं. आधी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग सोमेश्वरच्या देवळापर्यंत. मी दमून थांबायला आलो की एक्स्चेंजमधल्या आवाजात विचारायचे, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" आणि मी 'नाही' म्हणायच्या आत वाढवलेलं असायचं. त्या काळी मोठ्या माणसाने विनाकारण धावणं ही गावाला करमणूकच होती. मखमलाबादकडून येणारा एक दूधवाला रोज सायकलवरून ओरडायचा, "काय मास्तर, लय घाई? यष्टी चुकली का?" मी मास्तर नव्हतो, पण चष्म्यामुळे वसंतरावांनी पहिल्याच आठवड्यात मला मास्तर करून टाकलं होतं आणि ते रस्ताभर झालं.

शाळेत शिकवल्याप्रमाणे आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने धावायचो. वसंतराव रस्त्याच्या बाजूला, मी आत, मातीच्या पट्ट्यावर. म्हणजे त्यांच्या चांगल्या कानाशी. ती जागा माझी होती. सटाण्याकडचं त्यांचं गाव, गावातली विहीर, बापाने विकलेली बैलजोडी, एक्स्चेंजमध्ये ऐकू येणारे लोकांचे आवाज… माणसं फोनवर रडताना आधी एक क्षण गप्प कशी होतात, हे त्यांनी मला एकदा चढ चढताना सांगितलं. नाव कुणाचंच कधी घेतलं नाही. मी दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसणारा माणूस. घरी एकटा. माझ्याशी कुणी बोलायचं तो दिवसातला तेवढाच वेळ. धावण्याने माझी छाती सुधारली असं डॉक्टर म्हणाले. मला खरी गरज होती ती त्या बोलण्याची.

नाशकात घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले त्या सुमारास प्रकाश आला. मालेगावकडचा, पंचविशीतला, कारखान्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. त्याला लांब पल्ल्याचं धावणं शिकायचं होतं. मला अहिरेसाहेबांवरून वसंतरावांवर यायला दोन वर्षं लागली होती. प्रकाश दुसऱ्या दिवशी त्यांना 'दादा' म्हणाला आणि तेही त्याला 'तू' म्हणू लागले. मला शेवटपर्यंत 'तुम्ही'च होतं. त्याच पावसाळ्यात मला मलेरिया झाला आणि मी आठवडाभर अंथरुणात होतो. बरा होऊन आमच्या भेटायच्या जागी, अशोक स्तंभापाशी, गेलो तर प्रकाश वसंतरावांच्या डाव्या हाताला उभा. मी माझ्या जागेकडे वळलो, तसे वसंतराव म्हणाले, "मास्तर, आता तुम्ही इकडून या." इकडून म्हणजे उजवीकडून, रस्त्याच्या बाजूने, बंद कानाकडून. "मागून गाडी आली की माझ्या कोपराला हात लावायचा. त्या अंगाला बोलून उपयोग नाही, तुम्हाला माहीतच आहे." मी "बरं" म्हणालो. कारण विचारलं नाही. कारण मला डोळ्यांसमोर दिसत होतं. ते पंचविशीचं होतं, त्याचे दात पांढरे होते आणि ते न थांबता बोलत होतं.

मग कित्येक वर्षं मी त्या बाजूने धावलो. प्रकाशचं ऐकण्यासाठी वसंतराव मान जरा डावीकडे वळवून धावायचे, त्यामुळे मला त्यांचा उजवा कान आणि मानेवरचे केस पाठ झाले. दोघे हसायचे. हसण्याआधीचं वाक्य मला अर्धंच ऐकू यायचं, कारण माझे कान मागच्या ट्रककडे. काही वेळा मी लवकर जाऊन डावीकडे उभा राहिलो. वसंतराव वाकून बुटाची नाडी बांधायचे, उठायचे आणि सहज म्हणायचे, "मास्तर, इकडे." वाचनालयात एक जुनं परदेशी मासिक सापडलं, त्यात मॅरेथॉनची तयारी कशी करावी यावर लेख होता. मी तो रात्री बसून मराठीत उतरवला आणि आडगावच्या हॉटेलात चहा पिताना वाचून दाखवला. वसंतराव मन लावून ऐकत होते. तेवढ्यात प्रकाश म्हणाला, "सर, ह्यात गूळ-शेंगदाणे कुठे लिहिलेत का? नाहीतर मी खिशातले टाकून देतो." वसंतराव इतके हसले की चहा सांडला. मीही हसलो… घरी येऊन तो कागद मात्र ड्रॉवरच्या तळाशी घातला.

सर्वांत जास्त लागायचं ते अहिराणीचं. रविवारी आम्ही आग्रा रोडने ओझरपर्यंत जायचो. परतताना पाय जड झाले की वसंतरावांच्या तोंडून आपोआप यायचं, "आजून कितलं शे रे भाऊ?" अजून किती उरलंय! आणि डावीकडून तशाच भाषेत उत्तर यायचं. दमल्यावर माणूस आपल्या घरच्या बोलीत जातो, आणि त्या घरात प्रकाशला बोलावणं होतं. मी अहिराणीवरचं एक पुस्तक वाचनालयासाठी मागवलं, त्यातले क्रियापदांचे तक्ते पाहिले. पण 'शे' कुठे वापरायचं हे कळल्यावरही ते बंद कानात कसं सांगणार!

आणि तरी एक गोष्ट लिहायलाच हवी. मी आम्हा तिघांत सर्वांत सावकाश होतो आणि त्या दोघांनी मला कधीही मागे टाकलं नाही. वाऱ्याचा दिवस असला की वारा अडवायला प्रकाश आपण होऊन पुढे व्हायचा. माझ्या पायाला फोड आले तेव्हा वसंतरावांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, लावायला हळद-तेल दिलं होतं, ते वसंतराव स्वतः वाटीत झाकून घेऊन आले होते. हे सगळं मला दिसत होतं. पण मत्सराला असल्या गोष्टी दिसून उपयोग होत नाही.

पुण्याला मॅरेथॉन होती, बेचाळीस किलोमीटरची, आणि आम्ही तिघांनीही नावं दिली. शर्यतीचा रस्ता बंद केलेला. ना ट्रक, ना एस.टी. मला वाटलं, आज तरी उजवीकडे कुणाची गरज नाही. सुरुवातीला गर्दीत मी डावीकडे सरकलोही. पण वसंतरावांनी मान वळवून मला शोधलं आणि उजव्या बाजूला बोट दाखवलं. तीस किलोमीटरचा आकडा ओलांडल्यावर माझ्या पोटरीत असा गोळा आला की मी जागीच बसलो. "थांबा" म्हणून हाक मारली, पण मी होतो बंद कानाकडे, आणि प्रकाश त्याच्या नादात. दोन पाठी दूर जाताना मी रस्त्यावर बसून पाहिल्या. वाटलं, बरोबरच आहे. मी नसलो तरी चित्र पूर्ण दिसतंय.

थोड्या वेळाने वसंतराव उलट्या दिशेने माझ्याकडे चालत येताना दिसले. मागोमाग प्रकाश. "तुम्ही जा," मी म्हणालो, "वेळ जातोय." वसंतरावांनी माझी पोटरी दाबायला घेतली. "बराच वेळ कोपराला काही लागलं नाही," ते म्हणाले. "आधी वाटलं, रस्ता मोकळा आहे म्हणून. मग कोपर रिकामं रिकामं वाटायला लागलं." प्रकाश म्हणाला, "सर, उचलून नेऊ का? पण तुमच्या त्या मासिकात चालत असेल तरच." माझा हात वसंतरावांनी आपल्या खांद्यावर घेतला, उजव्या खांद्यावर, आणि आम्ही चालत शर्यत संपवली. पोचलो तेव्हा मांडवाच्या खुर्च्या उचलत होते. त्या दोघांची तयारी माझ्यापायी वाया गेली, याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. आणि मी? त्या सगळ्या वाटेवर, त्यांच्या खांद्याला लटकलेला असतानाही, मी ऐकायचा प्रयत्न करत होतो की ते डावीकडे वळून प्रकाशला काय सांगताहेत.

पुढे माझे गुडघे बोलू लागले आणि रविवारचं धावणं चालण्यावर आलं, पण जागा त्याच राहिल्या. त्यांच्याकडे विषय काढावा असं अनेकदा वाटलं. कसा काढणार! 'मला तुमच्या डावीकडे का घेत नाही' असं पन्नाशीच्या माणसाने विचारायचं?

गेल्या रविवारी पहाटे प्रकाशने माझी कडी वाजवली. "सर, येताय?" वसंतराव गेल्यापासून आम्ही दोघे त्या रस्त्याला गेलो नव्हतो. गंगापूर रोडला लागलो. आता तिथे बंगले झाले आहेत, पेरूची एखादीच बाग.  मग मीच म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला, "तू नशीबवान. इतकी वर्षं त्यांचा कान तुझ्याकडे होता."

तो थांबला. "सर, तुम्हाला ते माहीतच नाही? तुमच्या मलेरियाच्या आठवड्यात मी रस्त्याच्या बाजूला होतो. बडबड करत होतो आणि मागून एस.टी. अशी खेटून गेली की दादांच्या बनियनला धूळ लागली. मला ऐकूच आली नाही. दादा म्हणाले, 'तू आत ये. तुला तोंड आहे, कान नाहीत. त्या बाजूला मास्तरच पाहिजेत.' मला इतकी लाज वाटली, मी म्हटलं, सरांना सांगू नका. नंतर मी कितीदा म्हटलं, दादा, आता शिकलो, एकदा त्या बाजूला येऊ द्या. नाय म्हणजे नाय. पुण्याला तर गाड्याही नव्हत्या, तरी नाय." मग खाली पाहत म्हणाला, "खरं सांगू? मला तुमचा राग यायचा."

एखाद्याला हे ऐकून समाधान वाटलं असतं. मलाही वाटलं, थोडं. त्यांनी आपला बंद कान माझ्या हवाली केला होता, ही लहान गोष्ट नाही. पण खोटं कशाला लिहू… त्या विश्वासाच्या बदल्यात मला बोलणं मिळालं असतं तर मी त्याच दिवशी सौदा केला असता. मी प्रकाशला विचारलं, "काय बोलायचात रे एवढं?"

त्याने आठवून पाहिलं. "काही नाही सर. कांद्याचं, कंपनीतल्या भांडणांचं. माझ्या बहिणीच्या लग्नात जेवण कमी पडलं होतं ते. काहीच नाही." ते 'काहीच नाही' मला हवं होतं. "सांग," मी म्हणालो, "जेवण कसं कमी पडलं?"

तो सांगू लागला. आम्ही चालू लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तो आत मातीच्या पट्ट्यावर आहे, मी रस्त्याच्या बाजूला, आणि मधे एका माणसाची जागा सोडून आम्ही चालतो आहोत. प्रकाश मोठ्याने बोलत होता, मधल्या जागेतून पलीकडे पोचावं इतकं. मग मागून ट्रक आला. त्याला अर्थातच ऐकू आला नाही. मला आला, आणि मी तोंडाने काहीच म्हणालो नाही. माझा डावा हात आपोआप उठला, कोपराच्या उंचीवर गेला आणि तिथेच राहिला. ट्रक निघून गेला. प्रकाश बोलायचा थांबला होता, माझ्या हाताकडे पाहत होता.

"सर, तुम्ही आत या," तो म्हणाला. "आज मी बाहेरून चालतो."

"नको," मी म्हणालो. "तू बोल."