बॅटरीआबांची कोपऱ्यातली खुर्ची

रिकाम्या वाटेवर बॅटरी दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी टॉकीज होती, तिथले हे डोअरकीपर. खरं नाव देव जाणे, सगळे बॅटरीआबाच म्हणायचे. दुपारच्या खेळाला अंधार झाला की आबा बायकांच्या बाजूला येऊन उजेड धरायचे. "सांभाळीसन, पायरी शे," म्हणत कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत कुणाला तरी पोचवायचे. कुणाला, ते आम्हाला दिसायचं नाही.

पूर्वी त्यांची बायको रोज डबा घेऊन यायची आणि त्याच खुर्चीत बसून खेळ पाहायची. एका उन्हाळ्यात ती गेली. आबांचं पोचवणं मात्र थांबलं नाही. "तिले अंधारामा भ्याव वाटस," एवढंच म्हणायचे.

मी नुकती लग्न होऊन आलेली, हसलेही असते. पण खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की बैठक आपोआप उभी राहायची. ती कोपऱ्यातली तेवढी खेळ संपेपर्यंत आडवी, आणि दिवे लागले की खट्! "स्प्रिंग बिघडली असेल," आमचे हे म्हणाले. असेल बाई! शेजारच्या प्रमिलाकाकू एकदा मुद्दाम तिथे बसायला निघाल्या. आबा कळवळून म्हणाले, "ताई, ती जागा भरेल शे." जागा भरलेली आहे म्हणे! काकू ऐकतात कसल्या! बसल्या आणि तशाच उठल्या, पांढऱ्याफटक. "अगं, खाली कुणाची तरी मांडी लागली," म्हणाल्या.

आधी व्हिडिओ आला, मग केबल. मालकांनी टॉकीज मोडायला काढली आणि आबांचा जीव टांगणीला लागला. "बठ्ठं तोडा, सगळं तोडा, पन ती कोठे जाई?" मालक भले, त्यांनी खुर्ची देऊन टाकली. हातगाडीवर खुर्ची निघाली आणि मागून आबा, भर उन्हात बॅटरी पेटवून, उलटे चालत, मागून येणाऱ्या कुणासाठी तरी रस्त्यावर उजेड धरत. आमची गल्ली कशालाही फिदीफिदी हसणारी, पण त्या दिवशी सगळे बाजूला सरकून वाट देत होते.

त्यांच्या खोलीत भाजी द्यायला गेले की भिंतीशी ती बैठक आडवीच दिसायची. मी तिकडे बघायचं टाळायचे, पण निघताना "येते हं" दोघांनाही म्हणायचे.

आबा गेले ते सकाळी. माणसांनी तिरडी उचलून बाहेर नेली आणि माझ्या पाठीमागे आवाज झाला, खट्! वळून बघते तर बैठक उभी. अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच मनात आलं, आता हिला वाट कोण दाखवणार? खुंटीवरची बॅटरी काढली, उंबऱ्यावर उजेड धरला आणि रडत रडतच म्हटलं, "सांभाळून हं बाई, पायरी आहे."