तात्यांच्या ट्रकवरचं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या गावचे ट्रकवाले अंबादासतात्या यांचे आहेत. बारावीनंतर गंगापूरहून त्यांच्याच ट्रकमध्ये बसून मी शहरात आलो. वडील कचेरीत शिरायला घाबरले, म्हणून कॉलेजच्या अर्जावर पालक म्हणून तात्यांनीच सही केली. घरातला पहिला पदवीधर मी. तेव्हापासून ते मला ‘बीए’ म्हणतात.

तात्या नट-बोल्टांशीही बोलतात. एखादा निघाला नाही, की दटावतात, “लई माज आला व्हय रं?” लांब नाकाचा तो जुना ट्रक आता धंद्यातून सुटलाय. दोन वर्षांपासून तात्या अंगणात त्याचा एकेक भाग उकलून दुरुस्त करताहेत. त्यांचा मुलगा कैलास शहरातल्या गुलमंडी बाजारात कापडाच्या दुकानात असतो.

“अंगण अडलंय, भंगारात द्या,” तो एकदा म्हणाला.

“तुला बी देऊ का संगं?” तात्या म्हणाले. त्यानंतर दोघांचं बोलणं कमीच झालं.

मागच्या महिन्यात नेहमीसारखा रविवारी मदतीला गेलो, तेव्हा तात्यांनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला. “बीए, कपाळ घास. पार पत्रा दिसला पायजे.” कपाळ म्हणजे समोरच्या काचेच्या वरची पट्टी; तिच्यावर ‘कैलास’ लिहिलेलं होतं. ट्रकवाले तिथं लेकराचं नाव घालतात. नव्या रंगासाठी जुना काढावाच लागतो, नाव पुन्हा येईलच, असं समजून मी घासलं.

पुढच्या रविवारी ट्रक हिरवागार झाला होता. कपाळावर पिवळ्या ठळक अक्षरांत ‘दत्ता’. माझं नाव.

“कसं दिसतंय?”

कैलास दारात उभा होता. “छान झालंय, दत्ताभाऊ,” म्हणून तो आत गेला.

“तात्या, हे...”

“गप. गाडी माझी हाय.”

हे माझ्यावरचं प्रेम, की कैलासवरचा राग? मला अजून ठरवता येत नाही. दोन रविवार मी गेलो नाही. फोनवर तात्या बोलू देत नाहीत, म्हणून पत्र पाठवलं:

“तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार. माझं नाव पाहून मला आनंद झाला, हे आधी कबूल करतो. मग कैलासचा चेहरा दिसला. त्याचं नाव मी या हातांनी घासलं, तेव्हा एक शब्द विचारला नाही. तुम्ही म्हणाल, बीए शहाणा झाला. तसं नाही तात्या, मला काहीच कळेनासं झालंय. पण रविवारी येतो. कैलासला घरी थांबवा. माझं नाव मी घासणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी. आपला, दत्ता.”