चारातलं एक अंडं

माझे सासरे कोंबड्यांना आंघोळ घालायचे. आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात, मग चिमूटभर नीळ घातलेल्या पाण्यात, आणि शेवटी माझ्या लग्नात आलेल्या टॉवेलात गुंडाळून उन्हात. जोगेश्वरीच्या त्या बैठ्या चाळीत मी सून म्हणून आले तेव्हा पहिला राग मला त्या टॉवेलापायीच आला.

गिरणीचा संप फसला होता आणि मामंजी घरी बसले होते, म्हणजे चाळीमागच्या खुराड्यात बसले होते. तिथे त्यांच्या जपानी कोंबड्या होत्या. अंग पांढरं, काळी शेपटी डोक्याच्याही वर उभी, आणि पाय इतके आखूड की चालताना पोट जमिनीला घासायचं. बारा वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका पारशी शेठच्या बंगल्यात जाळ्या बसवायला गेले असताना त्या शेठने त्यांना पहिली जोडी दिली होती. दर हिवाळ्यात शहरात पक्ष्यांचं प्रदर्शन भरायचं. तिथे मामंजींचा दोनदा दुसरा नंबर आला होता, आणि पहिल्या नंबराशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रदर्शनात आखूड पायांचेच पक्षी चालत. पिल्लांमध्ये काही लांब पायांची निघायची. ती मामंजींच्या लेखी भेसळ. ती वाढवायची आणि रविवारी कापायची, हा घरचा नियम होता. रस्सा मीच करायचे, आणि चांगला व्हायचा, खोटं कशाला बोलू.

सासूबाई मात्र खुराड्यात पाऊल टाकत नसत. दाणे बाहेरूनच फेकायच्या. मला वाटायचं, बाईंना घाणीचा तिटकारा असेल.

माझ्या लग्नानंतरची पहिली बारा अंडी पावसाळ्यात खुडूक गावठी कोंबडीखाली बसवली. सातव्या दिवशी मामंजी भरदुपारी मोरीचं दार लावून आत बसायचे आणि एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरायचे. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. मेलेल्यात नुसतं रक्ताचं कडं. एरवी किती गेली ते मामंजी कुणाला सांगत नसत; त्या दिवशी मात्र कडं निघालेली तीन अंडी त्यांनी बाहेर आणून ठेवली.

“सून इली नि अंडी मेली,” सासूबाई म्हणाल्या. दिवाळीत दहांतली दोन गेली, तेव्हा त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “पांढऱ्या पायाची गो ही.” मामंजी तिथेच बसून कोंबड्याच्या पायांना खोबरेल चोळत होते. ते चोळतच राहिले. नवरा आईपुढे तोंड उघडणारातला नव्हताच.

मग ठरलं. प्रदर्शनाच्या आधी आणखी एकदा अंडी बसवायची. या खेपेला गेली, तर मला गावी पोचवायचं. किती दिवस, ते कुणी बोललं नाही. नवऱ्याशिवाय परत आलेली लेक म्हणजे काय, हे आमच्या वाडीत लहान पोरालाही कळतं. त्यात माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. मला रात्रंदिवस तिचाच चेहरा दिसायचा.

“अंड्यांक हात लावशीत तर बघ,” सासूबाईंनी बजावलं. मी कशाला लावते? मी खुराड्याकडे पाठ करूनच भांडी घासायचे.

पण चौथ्या दिवशी मुंगूस आलं. मामंजी बाजारात गेले होते, सासूबाई देवळात. खुडूक कोंबडी ओरडत उठली आणि कौलावर जाऊन बसली. मुंगसाला मी काठीने हाकललं, पण कोंबडी काही केल्या खाली येईना. बारा अंडी गवतावर उघडी पडली होती. मी आधी नुसती बघत उभी राहिले. मग हळूच एकावर बोट टेकवलं, तर ते कोमट लागलं, म्हणजे गार व्हायला लागलं होतं. मी स्टुलावर चढून कोंबडीला धरलं, तिने मनगटावर चोच मारली तरी सोडलं नाही. तिच्या पंखांखाली एकेक अंडं मी माझ्या हाताने सरकवलं. मनगटावरची खूण बांगड्यांखाली झाकली आणि कुणाला काही बोलले नाही.

सातव्या दिवशी मोरीचं दार लागलं. बाहेर मी तांदूळ निवडत होते, खरं तर तेच तेच चार दाणे इकडून तिकडे करत होते. मामंजी बाहेर आले आणि तीन अंडी वेगळी ठेवली. माझा हात लागला आणि गेली, अशी माझी स्वतःचीच खात्री पटली. संध्याकाळी सासूबाईंनी माझी पत्र्याची पेटी काढली आणि दोरीने बांधून दारामागे ठेवली; प्रदर्शन झालं की मला निघायचं होतं.

दोन दिवसांनी, शनिवारी, प्रदर्शन होतं. कोंबड्याची करंडी धरायला मामंजींना कुणीतरी हवं होतं आणि नवऱ्याची कामावरची पाळी होती. “हिका खंय न्हेतास?” सासूबाईंनी विचारलं. “कोंबडो आसा, अंडा नाय,” ते म्हणाले. एवढंच काय ते माझ्या बाजूने बोलले.

मैदानात मांडव घातला होता आणि पिंजऱ्यांच्या रांगा लावल्या होत्या. परीक्षक यायच्या आधी एक म्हातारे पारशी गृहस्थ काठी टेकत आमच्यासमोर आले. पहिली जोडी देणारे शेठ ते हेच. कोंबडा बघून खूश झाले. “पिल्लं कशी निघते?” त्यांनी विचारलं.

“थोडी अंडी जातात, शेठ.”

“मग जाणारच ना. छोटा पायवाला नर, छोटा पायवाली मादी, तर चारमधून एक अंडा मरतेच. तिच्या रक्तातच हाय ते. लांब पायवाली मादी लाव, एक पण नाय मरणार. पयल्या दिवशीच बोलला होता ना मी तुला?”

मला वाटलं, मामंजी आश्चर्याने काहीतरी विचारतील.

“हो शेठ,” ते म्हणाले. “लक्षात आहे.”

मी करंडी धरून उभीच राहिले. त्यानंतर परीक्षक कधी आले, काय बोलले, मला सांगता येणार नाही. त्या वर्षीही नंबर दुसराच आला.

घरी पोचल्यावर करंडी खाली ठेवली आणि सासूबाईंसमोर उभी राहिले. “चारातलं एक मरतंच,” मी म्हणाले. “आखूड पायांच्या जातीतच आहे ते. शेठनी मामंजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना हे बारा वर्षं ठाऊक आहे.”

आता त्या माझ्यावर तुटून पडतील, या तयारीने मी उभी होते. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

“मगे माझ्या येळची?” त्यांनी मामंजींना विचारलं. “माका काय सांगितल्यात तेव्हा? तुझो विटाळ लागलो म्हणून मेली. बारा वर्सां माझो पाय थंय पडलो नाय.”

मामंजी कोंबड्याची शेपटी सारखी करत बसले. आपल्या कोंबड्यांत खोट आहे असं म्हणण्यापेक्षा घरातल्या बाईत आहे म्हणणं त्या माणसाला सोपं गेलं होतं. आधी बायकोवर ढकललं आणि मग माझ्यावर. त्यांचं मी पुढे सगळं केलं, दुखण्याखुपण्यातही केलं, पण हे त्यांना कधी माफ केलं नाही.

सासूबाईंनी पदराला हात पुसले आणि सरळ खुराड्यात शिरल्या. “अगो,” मामंजी म्हणाले. त्या खाली बसल्या. खुडूक कोंबडीखाली हात घालून त्यांनी एक अंडं काढलं, दोन्ही तळव्यांत धरलं.

“ती लांब पायांची उद्या कापूची नाय,” त्या मागे न बघता म्हणाल्या. मग मला हाक मारली आणि ते अंडं माझ्या हातावर ठेवलं.

“गरम आसा गो,” त्या म्हणाल्या.

मी पेटीची दोरी सोडायला घरात गेले, तेव्हाही त्या तिथेच बसून होत्या.